उपचार मोफत झाले, आता वाट जवळ करा

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सरकारला पत्र म्हटलं की तक्रारच, अशी आमच्याकडची रीत. हे पत्र मात्र आधी आभाराचं आहे, मग मागणीचं.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यात. आईच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. एका खासगी रुग्णालयाने ऑपरेशन, किमो, रेडिएशनचा खर्च कागदावर मांडून हातात दिला. वडिलांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "वरकस विकू, भाताची खाचरं ठेवू." डोंगरउताराच्या त्या तुकड्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

विकायची वेळ आली नाही. परळच्या टाटा रुग्णालयात जनरलची, म्हणजे सवलतीच्या वर्गाची, फाईल निघाली. आरोग्यमित्राने केशरी रेशनकार्ड आणि आधार तपासलं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी आली आणि उपचार सुरू झाले. जुलै 2012मध्ये ही योजना राजीव गांधींच्या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. आज तिचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे.

गावात म्हणतात, ही टाटांची पुण्याई. ती आहेच. 1941 साली हे रुग्णालय उभं राहिलं ते त्यांच्या ट्रस्टमुळे. पण 1962पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. आईच्या औषधात काडेपेटी विकत घेणाऱ्याचाही कर आहे. म्हणून आभार सरकारचे, तिथल्या डॉक्टर-परिचारिकांचे आणि त्या अनोळखी करदात्याचेही.

आता मागणी. उपचाराचा खर्च सरकारने उचलला, पण उपचारापर्यंत पोचायचा खर्च घरावरच राहिला. पोलादपूरला रेल्वे नाही. गाडी धरायची तर महाडच्या पुढे वीर गाठावं लागतं. म्हणून रात्रीची एसटी. आजारी माणसाला तिकिटात सवलत आहे, पण बुडालेल्या रोजाला सवलत कोण देणार? माझा भाऊ एमआयडीसीत कंत्राटावर आहे. खाडा पडला की पगार कापला. मुक्कामाचंही तसंच. गिरण्या होत्या तेव्हा परळ-लालबागला गावकीची खोली असायची, रात्री पथारी टाकायला जागा मिळायची. ती माणसं आता दिवा-विरारला पांगली. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किती जणांना पुरणार?

त्यातही जिवाला लागतं ते रिकाम्या हाताने परतणं. किमोआधी रक्त तपासतात. कधी सांगतात, "पेशी कमी आहेत, पुढच्या आठवड्यात या." त्यांचं बरोबरच असतं. पण रात्रभर एसटीत ओकाऱ्या काढत आलेल्या बाईला तसंच माघारी न्यायचं असतं.

केंद्राच्या 2025च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर केंद्रं, म्हणजे किमो घेऊन त्याच दिवशी घरी जाता येईल अशी केंद्रं, काढण्याची घोषणा झाली. चांगलं आहे. पण आमचं जिल्हा रुग्णालय अलिबागला. पोलादपूरहून निघालं की वडखळपर्यंत मुंबईचीच वाट, तिथून समुद्राकडे वळायचं. नकाशावर जिल्हा एक, पण आमच्यासाठी मुंबईइतकंच ते आडवाटेचं. हे केंद्र अलिबागला जरूर करा. दुसरं महाडच्या सरकारी रुग्णालयात करा. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांना ते एका दिवसात जाऊन-येऊन करण्यासारखं आहे.

ऑपरेशन आणि रेडिएशन परळला किंवा टाटाच्याच खारघरच्या केंद्रात होऊ दे. उपचाराची आखणीही तिथल्याच डॉक्टरांनी करावी. महाडला प्रशिक्षित डॉक्टर-परिचारिका, औषधं नीट ठेवण्याची सोय, काही खाटा आणि टाटाशी रोजचा संपर्क एवढं द्या. निदान सुरुवात म्हणून किमोआधीची रक्त तपासणी महाडला होऊन तिचा अहवाल परळला मान्य व्हावा. त्याला नवी इमारत लागत नाही, एक आदेश पुरतो. तो आपण काढावा, ही विनंती.

आपला,
पोलादपूर तालुक्यातील एक नागरिक