एकदा आमच्या वाटेला या

मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, मुंबई यांस,



जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले 11 आपल्या राज्यातले. ऊर भरून आला. पण सुट्टी लागली की महाबळेश्वर-पाचगणीच्या घाटात गाड्या तुंबतात, कासची फुलं बघायला आधी नोंदणी करावी लागते, आणि इकडे सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळच्या माळावरची देवळं गावकरी आणि भाविक सोडले तर कुणाला ठाऊक नसतात. सगळी माणसं त्याच चार ठिकाणी का लोटायची?

आमची वाट आडवाट नाही. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1927 साली पंढरपूरहून मिरजेला पोचली, ती कवठे महांकाळवरूनच. आता तिथं ब्रॉडगेज आहे. मिरजेच्या सतारीला लागणारे कडू भोपळेही पंढरपूर-मंगळवेढ्याकडचेच. तंतुवाद्यांची गल्ली बघायला मिरजेत आलेल्या माणसाला आणखी थोडं पूर्वेला जा, असं सांगणारं कुणी हवं, एवढंच.

तो आला तर काय बघेल? मिरज तालुक्याच्या शिवेवरचा दंडोबा. तिथलं देऊळ डोंगर पोखरून केलंय आणि प्रदक्षिणेची वाटही खडकातच. आत चार पावलं टाकली की उजेड मागं राहतो, हात आपसूक भिंतीला टेकतो आणि ज्यानं हा दगड फोडला त्याच्या कष्टाचा अंदाज तळहाताला येतो. माहितीपत्रकात हे मावत नाही. पुढं कुकटोळीचा गिरलिंगाचा डोंगर. आणि आरेवाडीचं बिरोबाचं बन. यात्रेत तिथं महाराष्ट्र-कर्नाटकातला धनगर समाज लोटतो, भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात, ढोलावर गजनृत्याचा फेर धरला जातो. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा या देवांवर 1976 साली अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्या सहलींच्या यादीत त्या बनाला दोन ओळी तरी मिळाव्यात.

कृपा करून काचेचा पूल, सेल्फी पॉइंट असलं काही आणू नका. आमच्या भागात खरी भीती दुर्लक्षाची नाही, हौसेची आहे. जीर्णोद्धार म्हणून घडीव दगडाला ऑइलपेंट फासतात, गाभाऱ्यात गुळगुळीत फरशी बसवतात. पारावरच्या वीरगळीत खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, माथ्याला चंद्रसूर्य. चुन्याचे थर चढले की लढणारा माणूस आणि घोडा एकच होऊन जातो. कुणाचा तरी पूर्वज त्यात कायमचा बुजतो, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून मागणं साधं आहे. पुरातत्त्व खात्याकडून तपासून घेतलेला मराठी-कन्नड फलक लावा. कन्नड यासाठी की बरेच भाविक कर्नाटकातून येतात. गावातल्या पोरापोरींना वाटाड्याचं शिक्षण द्या आणि त्याचा मोबदला ठरवून द्या. स्वच्छ संडास आणि पिण्याचं पाणी ठेवा. पाण्यासाठी हा तालुका म्हैसाळ उपसा सिंचन योजनेकडे डोळे लावून बसत आलाय, तेव्हा टँकरवर चालणारी हॉटेलं नकोत. घरगुती मुक्काम पुरे. फेब्रुवारी-मार्चमध्ये माणसं आणलीत तर बेदाण्याची शेडही दाखवता येईल: जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं, आणि ती निवडणाऱ्या बाया.

ठरवण्याआधी आपला एक अधिकारी मिरजेहून सकाळच्या गाडीनं पाठवा. स्टेशनावर घ्यायला आम्ही येऊ.

आपला,
कवठे महांकाळचा एक रहिवासी