घोट्याइतके पाणी

मागच्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी आम्हाला गाठले. मुलाने पदवी घेतली, टायपिंगची परीक्षा दिली, मग सरळसेवेची परीक्षा दिली आणि पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून लागला. काही महिन्यांपूर्वी तो रुजू झाला आणि नुकताच प्रशिक्षणाहून परतला. आम्ही मुबारकबाद द्यायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, "सर, पंधरा साल पढाके पाटकरी बनाना था क्या इसकू?" दम्मामला त्यांचे मेहुणे आहेत. तिथे एका गोदामात जागा आहे, महिन्याभरात हो-नाही कळवायचे आहे. नोकरी सोड म्हणून मुलाला समजवा, एवढे काम त्यांनी आमच्यावर सोपवले.

आम्ही लगेच काही बोललो नाही. चपला शोधायची गडबड होती हे एक. दुसरे असे, की कालवा निरीक्षक नेमके काय करतो, हे आम्हालाही धड माहीत नव्हते. वीस वर्षे मुलांना दहावीनंतर काय, बारावीनंतर काय हे सांगत आलो. डी.एड., आयटीआय, नर्सिंग, फार्मसी, पोलीस भरती, सगळे सांगितले. पाण्याचे काम कधी सांगितले नाही. आणि आम्ही तर पाण्यापायी शेत गमावलेल्या घरातले.

आमच्या मामूंची तीन एकर जमीन होती, एका चारीच्या अगदी टेलला. लहानपणी सुट्टीत गेलो की रात्री कंदील घेऊन त्यांच्याबरोबर बांधावर बसायचो. पाळी आज येणार, उद्या येणार. वरच्या अंगाला कुणी पाट फोडला, कुणी दारात पोते घातले, अशा बातम्या यायच्या. पाणी मात्र यायचे नाही, आणि आले तर करंगळीएवढी धार. एका वर्षी गहू ओंबीत आलेला असताना वाळला. मामू पाटकऱ्याशी भांडायला गेले. तो बिचारा सायकलवरून उतरून म्हणाला, "चाचा, वरून जेवढं आलं तेवढं मी सोडलं." किती आले? किती सोडले? हे मामूंना ठाऊक नव्हते, वरच्या शेतकऱ्याला नव्हते आणि त्या पाटकऱ्यालाही नव्हते. पुढे दोन वर्षांनी मामूंनी जमीन विकली आणि शहरात येऊन केळीचा गाडा लावला. नशीब, असे सगळे म्हणाले. आम्हीही तेच समजत होतो.

त्या रविवारी तो मुलगा घरी आला. आम्ही त्याला समजावायच्या ऐवजी म्हणालो, "बेटा, आधी तू काय शिकलास ते सांग." त्याने पिशवीतून वही काढली. औरंगाबादला पैठण रस्त्यावर जल व भूमि व्यवस्थापन संस्था आहे, जिला सगळे वाल्मी म्हणतात. 1980 सालापासून तिथे पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यांना, कर्मचाऱ्यांना आणि शेतकऱ्यांनाही पाणी वाटपाचे प्रशिक्षण मिळते. तिथली ती वही. पहिल्याच पानावर एक हिशोब होता. सेकंदाला एक घनफूट पाणी म्हणजे एक क्युसेक, सुमारे 28 लिटर. एक क्युसेक पाणी तासभर चालले की एक एकरभर साधारण एक इंच उभे राहील इतके पाणी होते. गव्हाला एका पाळीत तीन इंच द्यायचे ठरवले तर एकराला तीन तास.

"मग तीन एकराला?" आम्ही विचारले.

"नऊ तास, सर. चारीच्या तोंडाशी एक क्युसेक असून चालत नाही, शेताच्या दारात एक क्युसेक पडायला पाहिजे. वाटेत मुरतं, त्याचा हिशोब वेगळा."

नऊ तास. मामूंच्या शेताला दर पाळीला नऊ तास पाणी हवे होते, हे आम्हाला पस्तीस वर्षांनी कळले. त्यांना चार तास तरी मिळाले असतील का, कुणास ठाऊक. पण आकडा माहीत असता तर "पाणी आले नाही" याऐवजी "माझे पाच तास कमी पडले" असे म्हणता आले असते, आणि तसे म्हणणाऱ्या माणसाला हाकलून लावणे सोपे नसते.

मग त्याने दुसरी गोष्ट दाखवली. चारीत पत्र्याची खाच बसवतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखी, काटकोनाची. खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच आहे ते पट्टीवर वाचायचे आणि तक्त्यावरून प्रवाह काढायचा. दहा सेंटिमीटर उंची असेल तर सेकंदाला साडेचार लिटरच्या आतबाहेर पाणी जाते. आम्ही गणिताचे शिक्षक नसलो तरी म्हणालो, वीस सेंटिमीटरला नऊ. तो हसला. वीस सेंटिमीटरला जवळजवळ पंचवीस लिटर! उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होते, कारण खाच वर रुंद होत जाते आणि पाण्याचा वेगही वाढतो. नुसत्या नजरेने पाणी जोखणारा माणूस किती चुकत असेल, याचा अंदाज यावरून करावा. बेइमानी नसतानाही टेलचा शेतकरी कोरडा राहतो तो असा. मोठ्या कालव्यांवर वेगळ्या प्रकारची मोजमापाची बांधकामे असतात, त्यांचे तक्ते वेगळे. ते सगळे त्याच्या वहीत होते. त्याशिवाय शेतकऱ्यांकडून सात नंबरचे पाणी मागणी अर्ज भरून घेणे, कोणत्या पिकाला कधी पाणी लागते, आवर्तनाचे वेळापत्रक, टेलपासून सुरू करून वर येत जायची पद्धत, पाणीपट्टीची आकारणी, कुणी पाट फोडला तर पंचनामा कसा लिहायचा. पाटकऱ्याच्या हातातल्या फावड्यापलीकडे आमची नजर कधी गेलीच नव्हती.

वही बघताना आम्हाला सहीह बुखारीतली ती घटना आठवली. मदिन्याबाहेर हर्राच्या खडकाळ भागातून येणाऱ्या पाटावरून हजरत जुबैर (रजि.) आणि एका अन्सारी शेतकऱ्यात वाद झाला. जुबैर यांची बाग वरच्या अंगाला, त्या शेतकऱ्याची खाली. खालचा म्हणे, पाणी अडवू नका, जाऊ द्या. प्रकरण रसूलुल्लाह (सल्ल.) यांच्यापुढे गेले. आपण जुबैर यांना सांगितले की बागेला पाणी द्या आणि मग शेजाऱ्याकडे सोडा. यात शेजाऱ्याची सोय पाहिली होती. पण तो चिडून म्हणाला की जुबैर तुमच्या फुफीचे चिरंजीव, म्हणून हा निवाडा. मग आपण जुबैर यांना त्यांचा पूर्ण हक्क दिला, की पाणी आळ्याच्या कडेला भिडेपर्यंत रोखून धरा, नंतर सोडा. लोकांनी पुढे ती उंची मोजून पाहिली, ती पायाच्या घोट्यापर्यंत भरली. तेव्हापासून फिकहच्या किताबांत वरच्याचा हक्क किती, तर घोट्याइतका, हे माप आले. आम्ही ही हदीस अनेकदा वाचली होती. सब्र आणि बदगुमानी या विषयांवर तिचा दाखला दिला होता. यात पाणी मोजले आहे, इकडे आमचे लक्ष गेले नव्हते.

मोजणारा माणूस नेमायची रीतही आपल्या इतिहासात आहे. अंदलुसमध्ये मुसलमानांनी पाट काढले, त्याला अरबीत साकिया म्हणत. पाटावर देखरेख करणारा तो साहिबुस्साकिया. मुसलमानांची सत्ता गेली, पण स्पेनमध्ये पाटाला आजही असेकिया म्हणतात आणि देखरेख करणाऱ्याचे पदही अरबी नावानेच कित्येक शतके चालू राहिले. वॅलेन्सिया शहरात पाण्याचे तंटे सोडवणारे पंच अजूनही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात बसतात. वकील नाही, तोंडी जबाब, तिथेच निकाल. 2009 साली युनेस्कोने या पंचायतीला मानवजातीच्या वारशात जागा दिली. आणि आम्ही दरवर्षी सहलीला मुलांना औरंगाबादची पाणचक्की दाखवतो, मलिक अंबरने आणलेल्या नहरीबद्दल चार वाक्ये सांगतो, फोटो काढतो आणि परत येतो. ते पाणी रोज कोण बघत असेल, कोण वाटत असेल, हा प्रश्न आमच्या एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. आम्हीही नाही.

हे काम सरकारी नोकरीपुरतेच आहे असेही नाही. 2005 साली महाराष्ट्राने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. चारी किंवा वितरिकेवरच्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था करायची, खात्याने संस्थेच्या दारात मोजून पाणी द्यायचे, आत कसे वाटायचे ते संस्थेने ठरवायचे. मुखाकडचे, मधले आणि टेलचे, असे तिन्ही भागांतले संचालक. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर हे कायद्याच्याही आधी झाले. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या आसपास ओझरकडच्या टेलच्या शेतकऱ्यांना घेऊन संस्था काढल्या, हळूहळू वरचेही सामील झाले आणि 2003 साली सबंध प्रकल्पाचे पाणी वाटप शेतकऱ्यांच्या हाती आले. सुरुवात टेलने केली, हे लक्षात घ्यावे. ज्याची भूक मोठी तो आधी उठतो.

अशा संस्थांना गेट चालवणारा, पट्टी वाचणारा, पाण्याचा जमाखर्च लिहिणारा माणूस लागतो. पगार फार नसतो, वेळेवर मिळेल याचीही खात्री नाही, हे आम्ही लपवणार नाही. पुष्कळ संस्था कागदावरच आहेत, हेही खरे. पण आपली जमीन त्या चारीवर असेल तर घरातल्या एका मुलाने किंवा मुलीने हे मोजमाप शिकून घेणे स्वस्तात पडते. आपल्याकडे वालिद गेल्यावर सातबाऱ्यावर अम्मीचे नाव लागते, पण संस्थेच्या सभेला जातो चुलत भाऊ. अम्मीने स्वतः जावे.

ज्यांना परीक्षा-भरतीच्या रांगेत उभे राहायचे नाही त्यांच्यासाठी सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञाचा कौशल्य अभ्यासक्रम आहे. ठिबक आणि तुषारची मांडणी, पाण्याचा दाब तपासणे, फिल्टर उलटा धुणे, क्षाराने बुजलेल्या तोट्या आम्ल सोडून मोकळ्या करणे, ठिबकमधून खत देणे. आपल्या मोहल्ल्यांत मोटार रिवाइंडिंग आणि नळजोडणीची कामे करणारी किती पोरे आहेत! त्यांना यातले निम्मे आधीच येते. आयटीआयला जाणाऱ्यांनी सर्वेअर आणि स्थापत्य आरेखक या ट्रेडकडेही बघावे, दोन्ही दोन वर्षांचे आहेत आणि पाटबंधाऱ्यांच्या कामाला उपयोगी पडतात. खात्याची भरती रोज निघत नाही. पण 2023 साली जलसंपदा विभागाने 4,497 पदांची जाहिरात काढली, त्यात कालवा निरीक्षकाच्याच जागा हजाराच्या वर होत्या. आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या किती जणांनी अर्ज केला, ते आम्ही चौकशी करून पाहिले. हा एकटाच.

निघताना आम्ही त्या मुलाला सरळ विचारले, "रात्री दोन वाजता वरचा बागायतदार चार माणसं घेऊन गेटवर आला तर काय करशील?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ते वहीत नाही, सर. पण आमच्या एका शिकवणाऱ्यांनी सांगितलं, पट्टीवरचा आकडा दर वेळी लिहायचा आणि सगळ्यांना दिसेल असा फळ्यावर टांगायचा. मग तो माझ्याशी नाही, सगळ्या चारीशी भांडतो." फळ्याने सगळी भांडणे मिटतील असे आम्हाला वाटत नाही. त्याला धमक्या येतील, पाकिटेही येतील. रब्बीची आवर्तने सध्या रमजानला गाठतात, तेव्हा सहरीचा डबा कालव्याच्या भरावावरच उघडावा लागेल. हे सगळे आम्ही त्याला बोलून दाखवले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना आम्ही मामूंचा हिशोब सांगितला. तीन एकर, तीन इंच, नऊ तास. मामूंना ते ओळखत होते, त्यांच्या गाड्यावरून केळी घेत असत. त्यांनी नऊ तास हे शब्द दोनदा उच्चारले आणि विषय बदलला. दम्मामबद्दल काही बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही.

परवा ते बाजारात दिसले. चपलांच्या दुकानात गमबूट बघत उभे होते. "सर, आठ नंबर लगता इसकू के नऊ?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, नऊ घ्या, आत जाड मोजे घालायला होतील.