शाळेची दुरुस्ती आणि सिमेंटचे पत्रे

निलंगा तालुक्यांतील जुन्या शाळांच्या खोल्यांवर, पडव्यांवर किंवा सायकलींच्या छपरीवर करड्या रंगाचे नागमोडी पत्रे पाहिले नाहींत, असा विद्यार्थी आमच्या वाचकांत विरळाच असेल. लोक त्यांस ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणतात. हें नांव खोटें नाहीं, पण अपुरें आहे. या पत्र्यांत सिमेंटाबरोबर शेंकडा सुमारें ८ ते १० भाग ॲस्बेस्टॉस नांवाचें तंतुमय खनिज मिसळलेलें असतें. बोलण्यांत सिमेंट तेवढें राहिलें आणि ॲस्बेस्टॉस गळालें. म्हणूनच त्याची भीतिहि कोणास उरली नाहीं, असें आम्हांस वाटतें.

हे पत्रे आपल्याकडे आले ते कोणाच्या दुष्ट बुद्धीनें नव्हे. ते जळत नाहींत, गंजत नाहींत आणि स्वस्त पडतात. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां दगडमातीच्या भिंती व त्यांवरील जड माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. त्यानंतर डोक्यावर हलकें छप्पर असावें असें ज्या गांवकऱ्यांस व शाळाचालकांस वाटलें, त्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

पत्रा अखंड आहे तोंवर त्यांतील तंतु सिमेंटांत जखडलेले राहतात. तो फुटला, करवतीनें कापला, किंवा ऊनपावसानें झिजून भुगा होऊं लागला, म्हणजे ते सुटे होतात. डोळ्यांस न दिसण्याइतके सूक्ष्म असल्यामुळें ते श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरतात व तेथेंच रुतून बसतात. त्या दिवशीं मनुष्यास कांहींच जाणवत नाहीं. पुढें २०, ३०, कधीं ४० वर्षांनीं फुप्फुसें कठीण होतात, किंवा त्यांस अथवा त्यांच्या आवरणास कर्करोग जडतो. हें ज्ञान नवें नाहीं. इंग्लंडांत रॉचडेल येथील नेली कर्शॉ ही ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामकरीण १९२४ सालीं मरण पावली, आणि तिच्या फुप्फुसांच्या विकाराचें वर्णन डॉक्टर कुक यांनीं त्याच वर्षीं प्रसिद्ध केलें. आज जागतिक आरोग्य संघटना ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक मानते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २७ जानेवारी १९९५ च्या निकालांत, ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून निदान ४० वर्षें ठेवावी, असें ठरविलें.

‘आम्ही याच छपराखालीं शिकलों, आम्हांस काय झालें?’ असें विचारणाऱ्या पालकांनीं हा ४० चा आंकडा ध्यानांत घ्यावा. तथापि त्यांचें म्हणणें एका अर्थीं खरें आहे. धड पत्र्याखालीं बसल्यानें धोका थोडा. पत्रा काढण्याच्या दिवशीं तो मोठा. आणि तो दिवस बहुधा मे महिन्याच्या सुटींत येतो. कंत्राटदाराचे गडी वर चढतात, हातोड्यानें पत्रे फोडतात व तुकडे खालीं फेंकतात. मजुरांचीं मुलें त्याच तुकड्यांनीं फरशीवर रेघोट्या ओढतात. बरे राहिलेले पत्रे कोणी गोठ्यावर, कोणी कडब्याच्या गंजीवर घालण्यास घेऊन जातो. उरलेला चुरा पुढच्या पावसापर्यंत मैदानाच्या कडेला पडून राहतो.

लेवीय या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायांत घराच्या भिंतीस चट्टा पडल्यास काय करावें तें सांगितलें आहे. याजक पाहण्यास येण्यापूर्वीं घर रिकामें करावें, सात दिवस तें बंद ठेवावें, बाधलेले दगड काढावे, भिंती खरडाव्या, आणि तें सर्व नगराबाहेर अशुद्ध जागीं टाकावें. त्या चट्ट्याचा ॲस्बेस्टॉसशीं संबंध नाहीं. परंतु क्रम पाहण्यासारखा आहे. आमच्याकडे पत्रे आधीं फुटतात, आणि ते कशाचे होते हें मागाहूनहि कोणी विचारीत नाहीं.

योग्य रीत कांहीं गूढ नाहीं. पत्र्याचा लहान नमुना प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा. तें न झाल्यास जुना करडा पत्रा ॲस्बेस्टॉसचाच समजून वागावें. काम चालू असतां आवारांत एकहि मूल नसावें, मग तें विद्यार्थ्याचें असो वा मजुराचें. पत्रे प्रथम पाण्यानें, त्यांत थोडा साबण कालवून, भिजवावे. हुकांचे नट पान्यानें सोडवावे. यंत्रानें कापूं नयेत. पत्र्यावर पाय देऊं नये, कारण जुना पत्रा माणसाच्या भारानें एकाएकीं तुटतो. प्रत्येक पत्रा दोघांनीं धरून अखंड खालीं उतरवावा व जाड प्लास्टिकांत दुहेरी गुंडाळावा. जमीन कोरडी झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. तोंडास बांधलेल्या रुमालानें हे तंतु अडत नाहींत. बारीक धुळीसाठीं केलेला मुखवटाच पाहिजे. कामाचे कपडे घरीं नेऊं नयेत. ते झटकणाऱ्या व धुणाऱ्या बायकांसहि हा रोग झाल्याचीं उदाहरणें परदेशीं नोंदलेलीं आहेत.

यास खर्च लागतो, आणि खरी अडचण तेथेंच आहे. घातक कचरा पुरण्याच्या बंदिस्त जागा रांजणगांव, तळोजें अशा ठिकाणीं आहेत. निलंग्याहून तें भाडें मोठें आहे. सर्वांत कमी दराची निविदा पास करण्याची आमची चाल पडली. त्या दरांत ही वाहतूक कोण धरणार? म्हणून पत्रे काढणें व वाहून नेणें हें अंदाजपत्रकांत निराळें कलम असावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. पैसा पुरत नसेल तर रंगकाम व कमान पुढच्या वर्षावर टाकावी. आणि दुरुस्ती काढावयाचीच नसेल तर धड पत्र्यांस हात न लावणें हेंच उत्तम. अर्धवट भीतीनें घाईघाईनें ते फोडणें सर्वांत वाईट.

अमेरिकेंत १९८६ च्या कायद्यानें प्रत्येक शाळेनें आपल्या इमारतींतील ॲस्बेस्टॉसची पाहणी करून नोंदवही ठेवावी व ती पालकांस पाहूं द्यावी, असें बंधन घातलें. आपल्याकडे त्याच वर्षीं या खनिजाचे नवे खाणपट्टे देणें थांबलें. मात्र परदेशाहून तें येतच राहिलें. म्हणून नवें छप्पर घालतांना दुकानदार स्वस्त म्हणून पुन्हां तेच पत्रे पुढें करील, हें शाळा-समितीनें विसरूं नये. नोंदवहीस मात्र कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. कोणत्या खोलीवर किती पत्रे, त्यांत तडकलेले किती, हें वरच्या वर्गांतील मुलें जमिनीवर उभीं राहून एका दुपारीं लिहून काढतील.

ज्या पालकांनीं पूर्वीं शाळेचे जुने पत्रे गोठ्यासाठीं नेले असतील, त्यांनीं ते सध्यां तसेच राहूं द्यावे; त्यांस भोकें पाडूं नयेत, कापूं नयेत, आणि वाऱ्यानें एखादा पडून फुटलाच तर मुलांस दूर करून आधीं त्यावर पाणी ओतावें.