पोलिसांना बोलवावे का?

एका भगिनीचे पत्र आले आहे. तिच्या शोहरला डॉक्टरांनी 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' सांगितला आहे. सकाळी "तुझ्याशिवाय जगू शकत नाही" म्हणतात, संध्याकाळी "तू मला सोडून जाणार" म्हणून भांडी फोडतात. एका रात्री त्यांनी ब्लेड घेऊन स्वतःला कोंडून घेतले. पोलिसांना बोलवावे असे तिला वाटले, पण सासूबाई म्हणाल्या, "मोहल्ल्यात तोंड कसे दाखवायचे?" ती विचारते, माझे काय चुकले?

आम्ही म्हणतो, तुमचे काही चुकले नाही. पण पुन्हा अशी वेळ आली तर आधी जीव पाहा, इज्जत नंतर. हे नाटक आहे असे समजून कुणी गप्प बसू नये. या आजारात माणूस स्वतःला इजा करतो, कधी जीवही देतो.

पोलीस त्यांना कोठडीत टाकतील, ही भीती आम्ही अनेक घरांत पाहतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १०० वेगळे सांगते. मानसिक आजारामुळे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असलेल्या माणसाला पोलिसांनी जास्तीत जास्त २४ तासांत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यावे. कोठडीत ठेवू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे कलम ११५ गृहीत धरते.

म्हणून ११२ ला फोन केल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा : माणूस आजारी आहे, उपचार चालू आहेत, हातात ब्लेड आहे, घरात मुले आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी ठेवा. मुलांना शेजारी पाठवा. ब्लेड हिसकावायला जाऊ नका.

शोहर तुमच्यावर हात उचलत असेल, तर आजार ही त्याची सबब होऊ शकत नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदाही तुमच्या पाठीशी आहे.

मात्र रोजच्या भांडणात "पोलिसांना बोलावते" अशी धमकी देऊ नका. सोडून जाण्याची जी भीती त्यांच्या मनात आहे, ती त्याने वाढते. पोलीस एक रात्र सांभाळतील. उपचार डॉक्टर आणि समुपदेशकच करतील. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही मोफत सल्ला मिळतो.

शांत दिवस पाहून शोहर आणि सासूबाईंसोबत बसा. कोणत्या वेळी फोन करायचा, हे तिघांनी मिळून आधीच ठरवा. मग त्या रात्री फोन उचलताना तुमचा हात थरथरणार नाही, आणि तो फोन दगा आहे असे त्यांनाही वाटणार नाही.