पाहुण्याला न दिसणारी यादी

परमुलखातील लग्नाला जाऊन आलेला माणूस आधी जेवणाचे आणि मग विधींचे वर्णन करतो. आम्हीही तेच केले. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे आमच्या या तालुक्याच्या गावी परप्रांतीय कुटुंबे बदलीवर येत-जात असतात. त्यांतील एका बंगाली स्नेह्याने बहिणीच्या लग्नाचे आग्रहाचे निमंत्रण दिले आणि आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक ऐन माघात नदिया जिल्ह्यातील कृष्णनगरला जाऊन आलो. परतल्यावर स्टाफरूममध्ये आठवडाभर तेच पुराण चालले होते.

वर्णन करण्याजोगे होतेच. वराच्या डोक्यावरचा पांढराशुभ्र टोपर भेंडाचा. आमच्याकडची जुनी बाशिंगेही भेंडाचीच असत, हे पाहून उगाच आपलेपणा वाटला. वधूला पाटावर बसवून, तो पाट उचलून वराभोवती सात फेरे घालतात. तिने विड्याच्या दोन पानांनी चेहरा झाकलेला. ती पाने दूर होतात ती 'शुभदृष्टी'. आपला अंतरपाट भटजी धरतात, तिथे तो वधूच्याच हाती असतो, एवढाच काय तो फरक. शंख, बायकांचा उलुध्वनी, आणि दोन्ही घरांतून सजून आलेली 'तत्त्वा'ची तबके. एका तबकात भलामोठा रोहू मासा साडी नेसवून, नथ घालून नवरीसारखा नटवलेला! त्याची छायाचित्रे काढण्यात आम्ही कोणाला हार गेलो नाही.

मंडपात एक जर्मन बाईही होत्या. वराच्या कार्यालयातील सहकारी. त्या प्रत्येक विधीचा अर्थ विचारीत आणि वधूचे काका तितक्याच उत्साहाने सांगत. पाठवणीच्या वेळी वधूने मागे न पाहता डोक्यावरून ओंजळभर तांदूळ आईच्या पदरात टाकले. ही 'कनकांजली'. आईबापांचे ऋण फेडले, असे वधूने त्या वेळी म्हणायचे असते. बाईंचे डोळे भरून आले. आमचेही. बाईंच्या भाबडेपणाला आम्ही मघापासून मनातल्या मनात हसत होतो. पण त्यांच्यात आणि आमच्यात फरक होता तो पारपत्राचाच.

तबके कोणाच्या पैशाने सजली, हे त्यांनी विचारले नाही, आम्हीही नाही. यजमानांवर संशय घेण्याचा हेतू नाही. त्या घरात काय ठरले होते आम्हाला ठाऊक नाही, आणि न विचारणे हा पाहुण्याचा धर्मच. परंतु साहित्य शिकवणाऱ्याला तो धर्म पुरता पाळता येऊ नये. ज्या भाषेत रवींद्रनाथांनी १८९१ साली 'देनापाओना' ही हुंड्याची कथा लिहिली, त्याच भाषेच्या मांडवात आम्ही उभे होतो. कथेनंतर तेवीस वर्षांनी, १९१४ साली, वडिलांचे राहते घर आपल्या हुंड्यापायी जाऊ नये म्हणून कलकत्त्यात स्नेहलता मुखोपाध्याय या मुलीने स्वतःला जाळून घेतले होते. हे सारे आम्ही वर्गात सांगतो. मांडवात मात्र आठवला तो मासा.

आणि बंगालचे कशाला? आमच्या मराठवाड्यात सोयरिकीच्या बैठकीत 'यादी' होते. कोऱ्या कागदाला हळदकुंकू लावून, चार मानकऱ्यांसमक्ष, सोने किती, भांडी कोणती, मानपान कोणाचा, मांडव कोणाच्या दारी, हे सुवाच्य अक्षरात लिहिले जाते. मराठी गद्याचा इतका काटेकोर नमुना दुसरा क्वचितच सापडेल. १९६१ सालच्या हुंडाबंदी कायद्यानंतर रोख रकमेचा आकडा कागदावर येत नाही, तो तोंडी राहतो. याच लातूर जिल्ह्यात २०१६ आणि २०१७ साली, आपल्या लग्नाचा खर्च बापाला झेपणार नाही म्हणून शेतकऱ्यांच्या मुलींनी जीव दिले, तेव्हा मोर्चे निघाले, परिसंवाद झाले. एका परिसंवादात आम्हीही बोललो. याद्या थांबल्या नाहीत.

अलीकडे परदेशी पर्यटकांना तिकीट घेऊन भारतीय लग्नाला हजर राहण्याची सोय करून देणारी संकेतस्थळेही निघाली आहेत. त्यावर संस्कृतीचा बाजार मांडल्याची टीका होते. आम्हाला ती तितकीशी पटत नाही. तिकीट काढणाऱ्याला निदान आपण किती मोजले हे तरी कळते. ज्याला आपण परंपरा म्हणून कौतुकाने दाखवतो ती सगळी बैठकीनंतरची असते, आणि बैठकीला पाहुणा नसतो.

असो. पुढच्या वर्षी तो बंगाली स्नेही आमच्यासोबत तालुक्यातील एका लग्नाला आला. पंगतीत आग्रहाला बळी पडून मनसोक्त जेवला. पाठवणीच्या वेळी झाल निघाली. वेळूच्या दुरडीत पेटलेले दिवे, ती दुरडी वरपक्षाच्या एकेकाच्या डोक्यावर धरलेली, लेक स्वाधीन करताना रडणारा बाप. स्नेह्याने भराभर छायाचित्रे घेतली आणि अर्थ विचारला. वेळू वंशवृद्धीचा, दिवे साक्षीचे, असे आम्ही पाचदहा मिनिटे सांगत राहिलो. मांडवाच्या कडेला हार घातलेली कोरी मोटारसायकल उभी होती. ही कोणाची, असे त्याने विचारले.

नवरदेवाची, असे आम्ही सांगितले.