समजून घ्या : हृदयातील छिद्र बुजवताना ‘इको’ वाट कशी दाखवतो?

रायगडच्या पायथ्याशी असलेल्या पाचाडमध्ये अंगणवाडीतील तपासणीत एखाद्या बाळाच्या छातीत डॉक्टरांना वेगळा आवाज ऐकू आला, की पालकांच्या कानी हमखास एक शब्द पडतो : इको. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी साधारण ८ ते १० बाळांना जन्मजात हृदयदोष असतो. त्यामुळे हा शब्द कोणत्याही घरात येऊ शकतो.

इको म्हणजे काय?
हृदयाची सोनोग्राफी. यात ना सुई, ना क्ष-किरण. छिद्र कुठे आहे, किती मोठे आहे आणि रक्त कोणत्या दिशेने वाहते, हे पडद्यावर दिसते.

दुरुस्तीत त्याचे काम काय?
वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याच्या मध्यभागी छिद्र असेल, तर अनेकदा छाती न उघडता ते बंद करता येते. मांडीतील शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात आणि तिच्यातून छत्रीसारखे उपकरण बसवतात. अन्ननलिकेत सोडलेल्या प्रोबमधून डॉक्टर हे सारे पाहतात. छिद्राभोवती पकड घेण्याइतकी कड आहे का, उपकरण झडपेला घासते का, रक्त अजून झिरपते का, याची खात्री झाल्यावरच ते सोडले जाते. जागा चुकली, तर तोवर ते परत नळीत ओढून घेता येते. कड पुरेशी नसेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. तिथेही ठिगळ नीट बसले का, हे छाती बंद करण्यापूर्वी इकोवरच तपासतात.

उशीर झाला तर?
खालच्या कप्प्यांमधील मोठे छिद्र तसेच राहिले, तर फुप्फुसातील रक्तदाब वाढत जातो. तो एका मर्यादेपलीकडे गेला, की छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते.

खर्चाचे काय?
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जातात. दोष आढळल्यास पुढील उपचार मोफत आहेत.

मग अडचण कुठे?
अंतरात. पाचाडहून महाडच सुमारे २५ किलोमीटर. बालहृदयरोगतज्ज्ञांसाठी बहुधा मुंबई गाठावी लागते. मजुरी बुडवून ही फेरी करणे सोपे नाही. म्हणून बाळ दूध पिताना दमत असेल, घामाघूम होत असेल, वजन वाढत नसेल किंवा वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर पथकाची वाट न पाहता आशाताईंना सांगा. ओठ निळे दिसले, तर थेट रुग्णालय गाठा. योजना मोफत असली, तरी पहिला इको वेळेत झाला तरच तिचा उपयोग.