पहिले ॲप आपल्या गावासाठी

दहावी-बारावीचे निकाल लागले, की घराघरांत पुढच्या शिक्षणाचा हिशेब सुरू होतो. अलीकडे त्यात एक प्रश्न हमखास असतो. मुलाला किंवा मुलीला मोबाईलचे ॲप तयार करायला शिकायचे आहे, तर सुरुवात कुठून करावी? बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या पालकांना त्याचे उत्तर बहुतेक वेळा एकच मिळते : पुण्याला पाठवा, क्लास लावा. मग फी, खोलीचे भाडे, मेसचा खर्च. मुलगी असेल तर विषय तिथेच थांबतो.

आम्ही वेगळे सुचवतो. क्लासची फी भरण्याआधी घरी बसून एक लहानसे ॲप पूर्ण करावे. ते आपल्याच घराच्या, आपल्याच मोहल्ल्याच्या गरजेचे असावे. कोणती भाषा शिकावी, हा प्रश्न नंतरचा.

गरज शोधायला लांब जावे लागत नाही. रमजानमध्ये सहर आणि इफ्तारचे वेळापत्रक मोबाईलवर फिरते. पुष्कळदा ते पुण्याचे असते, कधी मुंबईचे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. पुणे सुमारे ७३.८५ पूर्व रेखांशावर आहे, बारामती ७४.५८ वर आणि इंदापूर ७५.०३ वर. म्हणजे बारामतीत सूर्य पुण्यापेक्षा जवळजवळ तीन मिनिटे आधी मावळतो आणि इंदापुरात साडेचार मिनिटांहून थोडा अधिक आधी. ऋतूप्रमाणे यात किंचित कमी-जास्त होते. पहाटेही तसेच. इंदापुरात सुबह सादिक पुण्याच्या आधी होते. पुण्याच्या वेळापत्रकावर विसंबून शेवटच्या मिनिटापर्यंत पाणी पिणाऱ्याच्या रोजाचाच प्रश्न उभा राहतो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मशिदींनी आपल्या गावाची वेळ सांभाळली, ती उगाच नव्हे.

तेव्हा पहिले ॲप हेच घेऊ : बारामती आणि इंदापूरच्या सहर-इफ्तारच्या वेळा.

संगणक सुरू करण्याआधी कागद घ्यावा. कोणत्याही ॲपमध्ये मुळात तीन गोष्टी असतात. समोर दिसणारा पडदा, आत साठवलेली माहिती आणि त्या दोघांना जोडणारा नियम. कागदावर मोबाईलच्या आकाराचा चौकोन काढा. वर दोन बटणे : बारामती, इंदापूर. खाली आजची तारीख, सहरची अखेरची वेळ, इफ्तारची वेळ. दुसऱ्या कागदावर वेळांचा तक्ता. आणि नियम एका वाक्यात लिहा : बटण दाबले, की त्या गावाच्या तक्त्यातून आजच्या तारखेची ओळ शोधून दाखवायची. एवढे स्वच्छ लिहिता आले, तर निम्मे काम झाले. न लिहिता आले, तर महागडा क्लासही उपयोगी पडणार नाही.

आता साधन. नवशिक्यासाठी आम्हाला ‘ॲप इन्व्हेंटर’ सर्वांत सोयीचे वाटते. गुगलने ते २०१० मध्ये सुरू केले. पुढे ते अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाकडे गेले आणि २०१२ पासून तिथूनच चालते. पैसे लागत नाहीत. संगणकाच्या ब्राउझरमध्ये ते उघडते. त्यात आज्ञा टाइप करायच्या नसतात. ‘जर असे, तर तसे’ असे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. सोबतचे छोटे ॲप मोबाईलवर घेतले, की संगणकावर केलेला बदल लगेच हातातल्या मोबाईलवर दिसतो. एमएस-सीआयटीपुरता संगणक हाताळलेल्या मुलीला एवढे पुरते. रोज तासभर दिला, तर काही आठवड्यांत ॲप उभे राहते, इन्शाअल्लाह.

खरे शिक्षण मात्र ॲप चुकायला लागते तिथे होते. मुले बहुधा तक्ता ‘पहिला रोजा, दुसरा रोजा’ असा भरतात. पण पहिला रोजा कोणत्या तारखेला, हे चाँद दिसल्यावर ठरते. सहर-इफ्तारची वेळ सूर्यावर अवलंबून असते, म्हणजे इंग्रजी तारखेवर. चाँद एक दिवस पुढे गेला, तर अख्खा तक्ता एका ओळीने सरकतो आणि रोज आदल्या दिवसाची वेळ दिसू लागते. म्हणून वेळा इंग्रजी तारखेला बांधाव्यात आणि रोजाचा क्रमांक चाँद दिसल्यावर वेगळा भरावा. कोणती माहिती कशावर अवलंबून आहे, हे ओळखणे हाच प्रोग्रॅमिंगचा गाभा आहे. आपल्या मुलांना तो चाँदरातीच्या उदाहरणातून चटकन समजतो.

दुसरी चूक तक्ता संपल्यावर उघड होते. महिना सरला, तक्त्यात ओळ नाही. मग ॲपने काय दाखवायचे? जुनी वेळ तशीच पडद्यावर राहिली, तर लोक फसतील. तिथे स्पष्ट लिहून यावे : ‘या तारखेची वेळ उपलब्ध नाही.’ चुकीचे उत्तर देण्यापेक्षा ‘माहीत नाही’ म्हणणे बरे, हा नियम ॲपलाही लागू आहे.

तक्त्यातल्या वेळा आपल्या गावच्या मशिदीच्या वेळापत्रकातून घ्याव्यात आणि भरून झाल्यावर इमामसाहेबांना दाखवाव्यात. अम्मीने कागदावरची वेळ मोठ्याने वाचावी आणि मुलीने मोबाईलवर ती ताडून पाहावी. एका आकड्याची चूक साऱ्या मोहल्ल्याच्या रोजावर येते.

आता यातली सर्वांत महत्त्वाची बाब. नमाजच्या वेळा दाखवणारी अनेक ॲप आपण कुठे आहोत याची परवानगी मागतात. वेळ अचूक काढायला ती उपयोगी असते, हे खरे. पण ती माहिती पुढे कुठे जाते? नोव्हेंबर २०२० मध्ये ‘व्हाइस’ या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या ‘मदरबोर्ड’ने एक बातमी दिली. जगभर कोट्यवधी लोकांनी घेतलेल्या ‘मुस्लिम प्रो’ या ॲपमधून वापरकर्त्यांच्या ठिकाणांची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे ठेकेदार होते. बातमी आल्यावर ॲपच्या चालकांनी एक्स-मोडशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. पण नमाजची वेळ पाहणाऱ्या माणसाला आपला ठावठिकाणा असा बाहेर जातो, याची कल्पना कुठून असणार?

आपले ॲप दोनच गावांचे आहे. वापरणारा स्वतः बटण दाबून गाव सांगतो. म्हणजे ठिकाणाची परवानगी मागायचीच गरज नाही. नाव, फोन नंबर, संपर्कांची यादी, काहीच नको. गरजेपेक्षा जास्त न मागणे ही सवय पहिल्याच ॲपपासून लागली पाहिजे. दुसऱ्याची माहिती ही अमानत आहे. जी सांभाळता येणार नाही, ती घेऊच नये.

ॲप तयार झाले, की त्याची फाईल थेट नातेवाइकांच्या अँड्रॉइड मोबाईलवर देता येते. पहिली परीक्षा दादीची घ्यावी. चष्म्याशिवाय तिला आकडे दिसले पाहिजेत. प्ले स्टोअरवर ठेवायचे असेल, तर खातेदार १८ वर्षांचा असावा लागतो आणि नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. नव्या वैयक्तिक खात्याला त्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस ॲप तपासून घ्यावे लागते. फुफी, खाला, मामू, चाचा धरले, तर आपल्या घरांत १२ माणसे जमायला अडचण पडू नये.

इथवर आलेल्या मुलाने किंवा मुलीने पुढची पायरी चढावी. अँड्रॉइडसाठी कोटलिन भाषा आणि अँड्रॉइड स्टुडिओ, किंवा एकाच लिखाणातून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप देणारे फ्लटर. त्यासाठी संगणकात निदान ८ जीबी रॅम हवी. प्रोग्रॅमिंगची ओळख मराठीतून हवी असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी आवाजातले पाठ मोफत आहेत. पदवी घ्यायची ठरली, तर बारामतीत विद्या प्रतिष्ठानची अभियांत्रिकी आणि माहिती तंत्रज्ञानाची महाविद्यालये आहेत. दरवेळी पुणेच गाठावे लागते असे नाही.

बारामतीतच मोठ्या कामाचेही उदाहरण आहे. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प उभारला आहे. शेतातले हवामान यंत्र, मातीतले सेन्सर आणि उपग्रहाची छायाचित्रे यांवरून पाणी-खताचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. यंत्रे महाग, काम अवघड. पण सुरुवात त्याच प्रश्नापासून झाली : पाणी नेमके कधी द्यावे? आपला प्रश्न लहान आहे, क्रम तोच आहे.

आणि पदवी नाही म्हणून कुणी मागे राहू नये. राजस्थानातील अलवरचे इमरान खान सरकारी संस्कृत शाळेत गणित शिकवत. संगणकाचे रीतसर शिक्षण नसताना पुस्तके वाचून ते शिकले आणि विद्यार्थ्यांसाठी ५० हून अधिक मोफत शैक्षणिक ॲप तयार केली. नोव्हेंबर २०१५ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर पंतप्रधानांनी त्यांचे नाव घेतले.

एका ॲपने नोकरी लागत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण या कामात मुलाचे मन रमते का, चूक शोधत बसायचा सब्र त्याच्यात आहे का, हे एका ॲपने नक्की कळते. मन रमले, तर फीचे पैसे सत्कारणी लागतील. न रमले, तर तेवढे वाचले. आणि मुलगी घरात असेल, तर तिला ‘पुढे बघू’ म्हणण्याआधी घरातला संगणक रोज तासभर तिच्या हाती द्यावा. कागदावरचा तो चौकोन आज रात्रीही काढता येईल.